खोड परत जमिनीत

मंगा हे माझ्या कुठल्यातरी मित्राचं नाव आहे, असं आईला बरेच दिवस वाटत होतं. खरं तर मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. ‘रात्री दोनपर्यंत मंगा वाचत बसलो’ असं मी म्हणालो, की तिला ‘मंगासोबत वाचत बसलो’ असं ऐकू यायचं. पोरगं अभ्यासू संगतीत आहे म्हणून ती खूश होती. एकदा म्हणाली, ‘त्या मंगाला जेवायला तरी घेऊन ये एक दिवस.’ तिची चूक नाही. आमच्या गावात दोन मंगा आहेत, त्यातला एक ट्रॅक्टरची पंक्चरं काढतो.

खरा गोंधळ पुढे झाला. माझी आतेबहीण नोकरीसाठी रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायची. त्या प्रवासात तिने ‘नाना’ नावाची मालिका वाचायला घेतली. लेखिकेचं नाव आइ याझावा. म्हणजे लेखिका आइ आणि पुस्तक नाना. आमच्या घरात वडिलांना सगळे नाना म्हणतात. दिवाळीत सगळे जमलेलो असताना ही म्हणाली, ‘मी सध्या नाना वाचतेय. फार रडू येतं.’ नाना सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘बाई, माझ्यात काय आहे वाचण्यासारखं?’

मग तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. दोन मुली, दोघींचं नाव नाना. टोकियोला जाणाऱ्या गाडीत शेजारीशेजारी बसतात आणि पुढे एकाच घरात भाड्याने राहतात. २००० साली सुरू झालेली ही मालिका लेखिकेच्या आजारपणामुळे २००९ मध्ये, एकविसाव्या खंडावर थांबली ती आजतागायत थांबलेलीच आहे.

‘म्हणजे गोष्ट अर्धीच?’

‘अर्धीच, मामा.’

‘आणि तुम्ही तरी वाचता?’

आतेबहिणीला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

---

रविवारी सकाळी आम्ही पाचसहाजण नाशिकला मखमलाबाद रस्त्याला मिसळ खायला जमतो. आमच्यात एकमेकांना नावाने हाक मारायची पद्धत नाही. जो जिथे राहतो ते त्याचं नाव. सिडको, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली. मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, राहतो सातपूरला, पण मूळचा दिंडोरी तालुक्यातला; म्हणून मी नुसताच ‘दिंडोरी’. पापडाचा पहिला तुकडा रश्शात बुडला की वाद सुरू होतो. पाच आवडत्या मालिका सांग. सहावी सांगायची नाही, आणि आधीच्या रविवारची यादी बदलली असेल तर कारण द्यायचं.

सिडकोची यादी बदलत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचं ‘वन पीस’, खजिन्याच्या शोधात निघालेल्या समुद्री चाच्यांची गोष्ट. एइचिरो ओदा यांनी ती जुलै १९९७ मध्ये सुरू केली, २०२१ मध्ये शंभरावा खंड आला, आणि अजून चालूच आहे. आम्ही त्याला विचारतो, अरे तो खजिना सापडणार कधी? तर म्हणतो, ‘पंढरपूर अजून आलं नाही म्हणून कुणी फलटणला वारी सोडतं का?’ याच्यापुढे बोलणं खुंटतं. मी स्वतः वन पीस अकराशेच्या घरातल्या प्रकरणांपैकी जेमतेम अडीचशेपर्यंत वाचली आहे. आवडली नाही असं नाही. पण प्रत्येक जण भावनेच्या भरात दोन पानं भरून रडतो, तेव्हा मला जरा अवघडल्यासारखं होतं. हे वाक्य मिसळीच्या टेबलावर बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

पंचवटी ‘बर्सर्क’वाला. केंतारो मिउरा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली, अंधाराने ओतप्रोत भरलेली ती मालिका. एकेका पानावर इतक्या बारीक रेषा, की वाचणाऱ्याचेच डोळे दुखावेत. मे २०२१ मध्ये मिउरा गेले. पुढच्या वर्षीपासून त्यांचे जुने मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांचे सहायक ती पुढे काढत आहेत, कारण गोष्टीचा शेवट मिउरांनी मोरींना सांगून ठेवला होता. पंचवटी ती नवी प्रकरणं वाचतो, पण आईच्या हातची आमटी वहिनीने केल्यावर खावी तसा. चव तीच आहे म्हणतो, आणि ताट मात्र अर्धं ठेवतो. रामायणावरचा जपान्यांच्या सहकार्याने झालेला अॅनिमेशनपट आपल्याकडे पुन्हा प्रदर्शित झाल्यापासून त्याचा आणखी एक तोरा आहे: ‘तुमच्या कुणाच्या एरियावर जपान्यांनी पिक्चर काढलाय का?’

आणि नाशिकरोडला आवडतं इसेकाई. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक कंटाळलेला, एकलकोंडा तरुण असतो. रस्ता ओलांडताना त्याला ट्रक उडवतो. डोळे उघडतो तो दुसऱ्याच जगात, जिथे जादू चालते, राक्षस असतात आणि हा कारणाशिवाय सगळ्यांत बलवान असतो. ट्रकचा भाग इतक्या मालिकांत आला आहे, की वाचकांनी त्या ट्रकलाच लाडाचं नाव दिलंय, ‘ट्रक-कुन’. नाशिकरोड रोज दोनदा द्वारका चौक ओलांडतो. या गोष्टी खऱ्या असत्या तर आतापर्यंत अर्धं नाशिक कुठल्यातरी जगात राजा होऊन बसलं असतं.

मी त्याला हसतो खरा, पण बारा तासांची शिफ्ट करून आलेला माणूस रात्री अकराला काय वाचणार? जिथे त्याला कुणी टार्गेट विचारत नाही असं जग. माझा आक्षेप पळून जाण्याला नाही, सोपेपणाला आहे. याच प्रकारात शेतीवरचीही एक मालिका आहे. तिच्या नायकाला देव एक अवजार देतो. ते हवं तेव्हा कुदळ होतं, हवं तेव्हा कुऱ्हाड होतं, त्याने उकरलेल्या जमिनीत वाटेल ते उगवतं, आणि ते चालवताना माणूस दमत नाही. मी हे नानांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘भाव पण देवच देतो का?’

---

शोनेन, सेइनेन, शोजो, जोसेइ हे शब्द आपल्याकडे पोरं कथाप्रकार म्हणून वापरतात. ‘मी शोनेन वाचत नाही, बालिश असतं’ वगैरे. मुळात ते प्रकार नव्हेतच. कुठल्या वयाच्या, मुलांच्या की मुलींच्या मासिकात ती गोष्ट छापून आली, एवढाच त्याचा अर्थ. शोनेन म्हणजे मुलगे, सेइनेन म्हणजे तरुण पुरुष, शोजो म्हणजे मुली, जोसेइ म्हणजे बायका. त्यामुळे ‘डेथ नोट’सारखी, वहीत नाव लिहून माणसं मारणाऱ्या पोराची गोष्टसुद्धा शोनेनच, कारण २००३ ते २००६ ती ‘शोनेन जंप’मध्ये आली.

आणि या ‘जंप’चा व्यवहार मला लासलगावच्या लिलावासारखा वाटतो. १९६८ ला सुरू झालेलं हे साप्ताहिक. १९९४ च्या अखेरीला त्याचा एक अंक ६५ लाखांच्या वर छापला गेला होता. अंकात एक पोस्टकार्ड असायचं. वाचकांनी त्यावर आवडलेल्या तीन गोष्टी कळवायच्या. ज्यांना मतं मिळाली त्या पुढच्या पानांवर, ज्यांना नाही त्या मागे सरकत जाणार, आणि मागे मागे जाऊन दहापंधरा आठवड्यांत गाशा गुंडाळणार. ट्रॅक्टर रांगेत उभा केला, बोली लागली नाही, परत घेऊन जा. आता असं दर आठवड्याला एकोणीसवीस पानांत पोस्टकार्ड कमवायचं असेल, तर माणूस काय काढणार? मारामारीच काढणार. शेवटच्या चौकटीत कुणीतरी दारात येऊन उभा राहणार. स्पर्धा भरवणार, म्हणजे सोळा पैलवानांत पंधरा लढती हक्काच्या. हे सगळं बाजारभावाचं गणित आहे, त्यात कमअस्सल असं काही नाही. बास्केटबॉलवरची ‘स्लॅम डंक’ याच बाजारात वाढली आणि तिच्या शेवटच्या सामन्याची पानं मी अजूनही श्वास रोखून वाचतो.

मध्येच एक सांगतो, सिडको रागावेल नाहीतर. कबड्डीवरही जपानी मंगा आहे. हाजिमे मुसाशिनो यांची, २०१५ साली सुरू झालेली. २०२१ मध्ये तिच्यावर अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशनची मालिकाही आली. सिडको शाळेत असताना जिल्ह्याला खेळलेला. त्याला वाटलं होतं हसायला मिळेल. चढाईच्या वेळी दम धरलेल्या पोराच्या चेहऱ्याचं चित्र बघून तो गप्प झाला. नंतर म्हणाला, ‘पकडीत घोटा असाच धरतात रे.’

आतेबहिणीचं म्हणणं वेगळं. ती मिसळीला येते तेव्हा टेबलावर तीनचार मुली असतात, आणि वादाची जात बदलते. ‘तुमच्या शोनेनमध्ये कोण कोणाला मारू शकतो एवढाच प्रश्न,’ ती म्हणते. ‘नानामध्ये घरभाडं द्यायला पैसे नाहीत आणि मैत्रिणीला ते सांगता येत नाही, या एका पानाला मला जास्त धडधडतं.’ शोजो म्हणजे गुलाबी पाकळ्या आणि मोठे डोळे, असं समजून मी ती कपाटं कॉलेजभर टाळली. तिच्या आग्रहाने नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रूट्स बास्केट’ वाचली. तेवीस खंड. एका घरातल्या माणसांना चिनी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांचा शाप असतो, हे ऐकायला पोरकट वाटतं. प्रत्यक्षात ती गोष्ट आईबापांनी मुलांचं काय काय करून ठेवलेलं असतं त्याची आहे. शेवटचे दोन खंड मी गच्चीवर जाऊन वाचले. घरातल्यांसमोर वाचायची हिंमत नव्हती.

---

आता माझी यादी. ती सांगितली की टेबलावर कायम एकच हशा पिकतो: ‘शेतकरी आला.’

मी मंगाकडे वळलो तो शेतीपासून लांब जायला. आमची अडीच एकर द्राक्षबाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोड्या बाराची छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग, पहाटे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज. दहावीची परीक्षा असो नाहीतर मामाचं लग्न, फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या घरातलं बोलणं आभाळावरून सुरू होतं आणि आभाळावरच संपतं. कॉलेजला नाशिकला आलो तेव्हा मनाशी ठरवलं होतं, की घड, मणी आणि साखर हे शब्द पुन्हा ऐकायचे नाहीत. तलवारी पाहिजेत, समुद्र पाहिजे, सूड पाहिजे.

म्हणून ‘व्हिनलँड सागा’ घेतली. माकोतो युकिमुरा यांची. अकराव्या शतकातले व्हायकिंग, बापाच्या खुन्याच्याच टोळीत राहून त्याला मारायची संधी शोधणारा थोरफिन नावाचा पोरगा, दर प्रकरणात रक्त. अगदी पाहिजे तशी. चोपन्न प्रकरणं मी चार रात्रींत संपवली. चोपन्नाव्याच्या शेवटी सूडही हातातून निसटतो, आणि तिथे लेखक सांगतो की आत्ताशी प्रस्तावना संपली.

पुढचं पान उलटलं तर शेत.

थोरफिन डेन्मार्कमधल्या एका जमीनदाराकडे गुलाम. सोबत इंग्लंडमधून धरून आणलेला एइनार, जातिवंत शेतकरी. मालकाने दोघांना जंगलाचा तुकडा दिलाय. झाडं तोडा, खोडं काढा, गहू पेरा, पिकाच्या पैशातून स्वतःची सुटका विकत घ्या. पुढचे कित्येक खंड हेच. तलवार नाही. जगभरातल्या वाचकांनी तेव्हा या भागाला ‘फार्मलँड सागा’ म्हणून चिडवलं होतं, आणि मी तर मनापासून चिडलो. अरे, हे बघायला मी पैसे आणि झोप घालवू? हे घरी फुकट आहे. आठवा खंड अर्धा टाकून दिला.

पुढे समजलं, की ही मालिका २००५ मध्ये एका साप्ताहिकात सुरू झाली होती. दर आठवड्याचा वेग लेखकाला झेपेना म्हणून त्याच वर्षाअखेर ती ‘आफ्टरनून’ या मासिकात गेली. महिन्याला एक प्रकरण. माझी खात्री आहे, साप्ताहिकात राहिली असती तर त्या खोडांना कुणी एवढी पानं दिली नसती. गहू उगवायला जो वेळ लागतो तो वेळ साप्ताहिकात बसतच नाही.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस थांबायला तयार नव्हता, हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. फुलोऱ्यातले घड कुजले. त्यातून जे वाचलं ते मार्चमध्ये काढायला आलं, आणि लॉकडाऊन लागला. अंबडची कंपनी बंद, मी गावी. जानेवारीत बागेत उभं राहून भाव बोललेला व्यापारी फोन उचलेना. मजूर आपापल्या गावी निघून गेलेले. नानांनी दोन दिवस काही न बोलता बागेत फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘बेदाणा करू.’ मी, आई, नाना आणि चुलतभाऊ. घड तोडायचे, डिपिंग ऑइलमध्ये बुडवायचे, जाळीवर पसरायचे. रात्री हातांना तो वास तसाच.

त्या दिवसांत दुपारी शेडच्या सावलीत पडून मी तो टाकलेला आठवा खंड फोनवर पुन्हा उघडला. दुसरं काही डाउनलोड केलेलं नव्हतं, एवढंच कारण.

एका दुपारी नाना शेजारी येऊन बसले. ‘काय बघतो?’ म्हणून फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला. पान बिनशब्दांचं होतं. थोरफिन आणि एइनार एक खोड काढत होते. खणणं, मुळं तोडणं, दोर बांधून ओढणं आणि शेवटी उताणं पडलेलं खोड. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. नानांनी अर्थातच डावीकडून सुरुवात केली. पहिल्यांदा बाहेर पडलेलं खोड, मग दोर, मग खड्ड्यात बसलेलं खोड, मग जसंच्या तसं उभं.

‘हे येडे आहेत का?’ नाना म्हणाले. ‘निघालेलं खोड परत जमिनीत घालून राह्यले.’

मी इतका हसलो की आई बाहेर आली. मग त्यांना वाचायची दिशा सांगितली. त्यांनी पान पुन्हा पाहिलं, या वेळी बोट फिरवत, उजवीकडून. बराच वेळ. ‘बैल नाहीत यांना?’ घोडा आहे, पण यांना मिळत नाही, मी म्हणालो. ‘गुलाम आहेत.’ नाना म्हणाले, ‘एखाद्या म्हाताऱ्याला मागावं. म्हातारे देतात. बदल्यात काम करून घेतात, पण देतात.’ पुढे गोष्टीत नेमकं तेच होतं. एक तिरसट म्हातारा असतो, तो आपल्याकडच्या कामाच्या बदल्यात घोडा देतो आणि नांगरही देतो. मी नानांना ते पान दाखवलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही.

त्या महिन्यात रोज दुपारी ते विचारायचे, ‘कुठवर आलं?’ पेरणी झाली. कोंब आले. एके दिवशी सांगावं लागलं, की रातोरात कुणीतरी कोवळ्या गव्हाची नासधूस केली. शेतावरचेच मजूर, गुलाम असून पुढे चालले म्हणून जळणारे. आमच्याकडे २०११ साली कुणीतरी रात्रीतून बागेच्या चार ओळी कापून टाकल्या होत्या. कुणी, ते कळलं नाही. किंवा कळलं असेल, नानांनी घरात सांगितलं नाही.

‘मग?’ नाना म्हणाले. ‘सोडून दिलं?’

‘नाही. परत लागले.’

‘हं,’ म्हणाले आणि जाळीवरच्या द्राक्षांवरून हात फिरवायला उठले.

---

तिथून मी अधाशासारखा शेतीच्या मंगा शोधत सुटलो. ‘व्हॅगाबाँड’ आधी वाचलेली होती, मुसाशी या तलवारबाजाची, ताकेहिको इनोउए यांच्या कुंचल्यातली. सदतीस खंड होऊन २०१५ पासून थांबलेली. तिच्यातही चौतिसाव्या खंडाच्या आसपास हा अजिंक्य माणूस एका नापीक खेड्यात अडकतो, एका अनाथ पोराबरोबर जमीन कसायला लागतो आणि त्याला काही म्हणता काही जमत नाही. पाणी त्याच्या जोराला भीक घालत नाही. दुष्काळात गावासाठी धान्य मागताना, आयुष्यभर कुणापुढे न वाकलेला हा माणूस गुडघे टेकतो. पहिल्या वाचनात मी ही प्रकरणं भराभर उलटली होती. पंचवटीला अजूनही ती रटाळ वाटतात. त्याच्या घरी शेती नाही, रविवार कारंज्याला दुकान आहे. शटर उघडलं की दिवस सुरू, पाडलं की संपला. मी त्याच्याशी वाद घालत नाही.

सगळ्यात आतवर गेली ती मात्र ‘सिल्व्हर स्पून’. हिरोमु आराकावा यांची. याच बाईंनी आधी ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ लिहिली, जी आमच्या टेबलावरच्या सगळ्यांच्या पाचात असते; एकमत होणारी ती एकच. आराकावा होक्काइदोतल्या दुधाचा धंदा करणाऱ्या कुटुंबातल्या. मंगाकार होण्याआधी सात वर्षं घरच्या शेतावर राबलेल्या, आणि स्वतःचं चित्र काढायची वेळ आली की गाय काढतात. ‘सिल्व्हर स्पून’ २०११ ते २०१९ चालली. शहरातला, मार्कांना कंटाळलेला हाचिकेन नावाचा मुलगा शेतकी शाळेत येतो. डुकराच्या एका अशक्त पिल्लाला जीव लावतो, त्याचं नावच ‘बुतादोन’ ठेवतो, म्हणजे डुकराच्या मांसाची भाताची थाळी. पिल्लू मोठं होऊन कत्तलखान्यात जातं, आणि त्याचं मांस हा स्वतःच्या पैशाने विकत घेतो.

पण माझा पाय अडकला तो कोमाबाच्या भागात. कोमाबा हा वर्गातला बेसबॉलपटू. बाप नाही, घरचा गोठा कर्जात. एक दिवस गोठा बुडतो, गाई विकल्या जातात, पोराची शाळा सुटते. आणि शेजारच्या मिकागे या वर्गमैत्रिणीच्या घरच्यांनी त्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे त्यांनाही घोडे विकावे लागतात. मारामारी नाही, खलनायक नाही, बँकेतला माणूससुद्धा वाईट नाही. नुसती एक सही.

नाना एका शेजाऱ्याला जामीन राहिले होते, मी आठवीत असताना. त्यापुढची चार वर्षं घरात नवीन वस्तू आली नाही. कुणीही त्या शेजाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, दिवाळीचा फराळही थांबला नाही. मिकागेच्या घरातही तसंच. ती पानं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की हे कुणीतरी आमच्या ओट्यावर बसून काढलंय. होक्काइदोत बर्फ पडतो, आमच्याकडे गारा, एवढाच काय तो फरक.

द्राक्षांच्या गावचा आहे म्हणून मला सगळे हटकून ‘ड्रॉप्स ऑफ गॉड’बद्दल विचारतात. वाइनवरची ती प्रसिद्ध मालिका, चव्वेचाळीस खंडांची. वाचली, म्हणजे अर्धी. एका घोटात नायकाला फुलांची कुरणं आणि जुनी चित्रं दिसतात. चित्रं देखणी आहेत. पण चाखणाऱ्यांच्या गोष्टीत मन रमलं नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी वाइन चाखायला आलेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या दिसतात तेव्हाही मी बाहेरूनच बघतो, पानं कुठल्या जातीची आहेत ते.

---

‘व्हिनलँड सागा’ जुलै २०२५ मध्ये संपली. वीस वर्षं. शेवटचं प्रकरण मी कंपनीच्या कँटीनमध्ये वाचलं आणि दुपारभर दोन मापं चुकीची लिहिली.

मागच्या जानेवारीत थंडीची लाट होती. निफाडकडचे आकडे रोज पेपरात येत होते. आमच्याकडेही रात्री पारा घसरला की मणी तडकायची भीती, म्हणून बागेत ओळींच्या टोकाला शेकोट्या पेटवतात, धूर बागेवर धरून ठेवायला. शनिवारी रात्री मी गावी गेलो होतो. पहाटे चारला नाना आणि मी दोघंच. बोलायला काही नव्हतं. एकदम त्यांनी विचारलं, ‘ते खोडवालं पोरगं होतं ना. संपली का ती गोष्ट?’

‘संपली.’

‘कुठं जायचं होतं त्याला?’

मी सांगितलं. समुद्रापल्याड एक देश होता, तिथे ना युद्ध ना गुलाम असं गाव वसवायचं होतं. त्या देशाचं नाव व्हिनलँड. जुन्या कथांमधून सांगतात, की तिथे पोचलेल्या लोकांना रानात द्राक्षवेली सापडल्या, म्हणून हे नाव. द्राक्षांचा देश.

नानांनी काठीने निखारे सारखे केले. ‘बर्फातली ना रे ती माणसं? तिकडं द्राक्षं?’

‘कथेत तरी होती.’

‘डावणी येत असेल का तिकडं?’ ते स्वतःशीच म्हणाले. मग, ‘पोचलं का पोरगं?’

‘पोचलं.’

‘मग बाग लावली?’

‘नाही. गहू पेरला.’

नाना माझ्याकडे बघत राहिले. धुरात डोळे बारीक करून, खरंच की थट्टा हे ताडत. ‘द्राक्षांच्या देशात जाऊन गहू?’

‘हो.’

‘शहाणं निघालं,’ म्हणाले, आणि पुढच्या शेकोटीत ओला पाचोळा टाकायला गेले.